देवमासा, आधी पहिल्या भाषेत

माणसाने आयुष्यात एकदा तरी, जिथे आपलं काहीही काम नाही अशा ठिकाणी जाऊन यावं, याबाबत सर्व विचारवंतांचं एकमत आहे. मतभेद उरतो तो फक्त जाताना बरोबर किती उशा असाव्यात याबद्दल. आमच्या कंपनीने तोही मिटवला आहे. आमच्या नव्या जहाजावर प्रवाशाला सात प्रकारच्या उशांमधून निवड करता येते, आणि निवडलेल्या उशीवर डोकं टेकून निर्मनुष्य बर्फाळ किनाऱ्यांच्या मोहिमेवर निघता येतं.

मी कंपनीच्या शाखेत नोंदणीच्या खिडकीशी बसतो. खिडकी म्हणजे म्हणायला खिडकी. प्रत्यक्षात टेबल आहे. टेबलासमोर इतका खोल सोफा आहे की साठीच्या पुढच्या माणसाला त्यातून आधाराशिवाय उठता येत नाही. त्यामुळे बहुतेक ग्राहक निर्णय घेऊनच उठतात. कोपऱ्यात काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. ती पाहून लोक विचारतात, ‘खरं जहाज कुठे आहे?’ खरं जहाज अजून बांधून व्हायचं असतं. यालाच आम्ही नवं जहाज म्हणतो. बांधून झालेलं जहाज त्याच दिवसापासून जुनं व्हायला लागतं, आणि जुनं काही विकणं कंपनीच्या धोरणात बसत नाही.

सहल आणि मोहीम यांतला फरक इथे सांगणं माझं कर्तव्य आहे. सहलीत ठरलेलं दाखवलं नाही तर ग्राहक तक्रार करतो. मोहिमेत ठरलेलं दिसलं नाही तर ग्राहक निसर्गापुढे नतमस्तक होतो. (मोहिमांचा शोध लागल्यापासून आमच्या तक्रार विभागातली दोन्ही माणसं उशांच्या विभागात गेली.) शंभरातले चौऱ्याण्णव प्रवासी ‘स्वतःला शोधायला’ निघालो असं सांगतात. उरलेले सहा खिडकीजवळची खुर्ची शोधतात आणि त्यांना ती सापडते.

जहाज लहान आहे हेही भूषणच. मोठ्या जहाजावर तीन हजार माणसं असतात आणि प्रत्येकाला अनोळखी गर्दीचा कंटाळा येतो. आमच्याकडे मोजकी माणसं असल्यामुळे तिसऱ्या दिवसापासून ओळखीच्या माणसांचा कंटाळा येतो. ही आपुलकी मोठ्या जहाजावर मिळत नाही.

आणि जहाज द्विभाषिक आहे. म्हणजे तिथली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते: आधी पहिल्या भाषेत, मग आपल्या. दोन्ही भाषांचा दर्जा अगदी समान आहे. एक आधी आणि दुसरी नंतर येते ती केवळ दोन्ही एकदम बोलल्या तर गोंगाट होईल म्हणून. नोंदणी करताना प्रवाशाने आपली भाषा सांगायची, आणि पहिली सांगितली तर ती येते असं स्वतःच जाहीर करायचं. त्याची परीक्षा घेतली जात नाही, कारण ग्राहकाचा शब्द आम्ही प्रमाण मानतो. भाषेप्रमाणे रबरी होडी ठरते. होड्या दोन, वाटाडे दोन. जनावराजवळ एका वेळी एकच होडी जाते, दुसरी मागे थांबते. (हा नियम जनावरांच्या हिताचा आहे. जनावरांनी तो मागितला नव्हता, पण हिताच्या गोष्टी कोण मागतं?) पुढची होडी पहिल्या भाषेची. पुढचीला नारिंगी जाकिटं, मागचीला राखाडी. हाही केवळ सोयीचा भाग.

तर अशा या खिडकीशी माझी थोरली बहीण आली.

ताई कधीच स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणून ती सोफ्यात न बसता उभी राहिली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. म्हणाली, “मला देवमासा बघायचाय. ह्यांच्याबरोबर.”

‘ह्यांच्याबरोबर’ या शब्दाचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भावोजी सिमेंटच्या कारखान्यात गोदामाचे प्रमुख होते. माणूस सज्जन. व्यसन नाही, वाकडा शब्द नाही. पण ते पुढे चालतात. लग्न झाल्यापासून ताई आणि ते कधी बरोबरीने चालले नाहीत. रस्त्यावर, लग्नकार्यात, दवाखान्याच्या जिन्यात, हात मागे बांधून भावोजी पुढे, आणि पिशवी सांभाळत ताई मागे. ‘मी पुढे होतो, तू ये सावकाश,’ एवढं बोलून ते निघतात. पोचल्यावर आपण कोणाला तरी मागे ठेवून आलोय हे त्यांना आठवतं, नाही असं नाही. पण तोवर ताई पोचलेली असते.

“बागेत गेलो तरी पुढे, बाजारात गेलो तरी पुढे,” ताई म्हणाली. “तुझं ते जहाज लहान आहे ना? लहान जहाजावर पुढे पुढे जाऊन जातील कुठे? एकदा तरी शेजारी उभं राहून म्हणावं, अगं, ते बघ. बास. मग माझे गुडघे राहिले काय आणि गेले काय.”

कंपनीच्या इतिहासात जहाजाच्या लांबीचा इतका चोख विचार कुठल्याच ग्राहकाने केला नसेल. मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला, आणि मी दोघांची नावं आपल्या भाषेत लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सहीसाठी भावोजी आले. (अर्थात आधी ते आले आणि थोड्या वेळाने ताई.) दुर्दैवाने सोफ्यात एक जोडपं बसलेलं होतं. दोघांच्याही कपाळावर काळे चष्मे चढवलेले, आणि दोघंही ‘फर्स्ट, ऑफ कोर्स’ म्हणून मोकळे झालेले. भावोजींनी भिंतीवरची नारिंगी आणि राखाडी जाकिटं पाहिली. मग त्या जोडप्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

“माझी पहिली लिही.”

“भावोजी, येते का तुम्हाला?”

“तीस वर्षं गोदाम सांभाळलं मी. सगळा व्यवहार त्याच भाषेत असायचा.”

हे खरं होतं. त्या भाषेतलं ‘माल मिळाला’, ‘माल फुटका’ आणि ‘सहीसाठी पाठवत आहे’ त्यांना फार सुरेख यायचं. आजवर ‘येत नाही’ असं या टेबलासमोर कोणीही म्हटलेलं नाही, आणि ती परंपरा माझ्या घरच्यांनी मोडावी असं मला तरी कुठे वाटत होतं? तरीही मी सांगितलं की मग होड्या वेगळ्या होतील.

“होऊ देत की,” ते म्हणाले. “मी पुढे होतो, ती येईल मागून.”

ताई दारातच उभी होती. मी तिला म्हटलं, तुझीही पहिली लिहितो. तिने मान हलवली. “मला समजलं पाहिजे रे. इतक्या लांब जाऊन काय नुसतं मुक्यासारखं बघायचं?” तिचा चेहरा उतरला होता, पण तिने आपली भाषा सोडली नाही. पतिपत्नींच्या भाषा वेगळ्या असल्या तरी त्यांना एका खोलीत झोपू देण्याची उदार सवलत कंपनीत आहे. ती मी त्यांना मिळवून दिली. एवढंच माझ्या हातात होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

पुढचा तपशील मला दोघांकडून मिळाला, पण वेगवेगळा.

ताईची हकीकत अशी. पहिले काही दिवस राखाडी जाकिटांची गैरसोय झाली ती फक्त उशिरा समजण्यामुळे. ‘डाव्या हाताला सील’ असं आपल्या भाषेत ऐकू येईपर्यंत जहाज वळलेलं असायचं, आणि सगळे राखाडी लोक अत्यंत एकाग्रतेने उजवा किनारा बघायचे. (त्या किनाऱ्याची इतकी माहिती दुसऱ्या कुठल्याही भाषेत नसेल.) मागच्या होडीची वाटाडी म्हणजे एक हसरी मुलगी. सांगायची मात्र मनापासून. सील काय खातो, पिल्लाला कसा सांभाळतो, आणि आत्ताच इथे कसा बसला होता. लोक त्या रिकाम्या दगडाचे फोटो घ्यायचे. ताईनेही घेतले. मला दाखवले. दगड चांगले आले आहेत.

भावोजी तेवढ्या अवधीत पुढच्या होडीत लोकप्रिय झाले होते. सगळे हसले की ते हसायचे, सगळे हळहळले की हळहळायचे. एकदा वाटाड्याने थेट त्यांनाच काही विचारलं. भावोजींनी ठणठणीत आवाजात ‘माल मिळाला’ असं पहिल्या भाषेत सांगितलं. सगळ्या होडीने टाळ्या वाजवल्या.

मग तो दिवस आला. पुढची होडी पुढे, मागची बरीच मागे. पाणी शांत होतं. मागच्या होडीत ती मुलगी एका दगडाबद्दल सांगत होती आणि सगळी राखाडी मंडळी दगडाकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात पाण्यावरून हाक आली.

“अगं!”

“तुला सांगते,” ताई मला म्हणाली, “इतक्या वर्षांत ह्यांनी मला अशी हाक मारली नव्हती. मी वळले. तर हे होडीत उभे! दोन्ही हात वर! आणि त्यांच्या आणि माझ्या मध्ये तो. एवढा मोठा. शेपटी वर आली आणि सावकाश खाली गेली. आमच्या होडीत फक्त मी बघितला रे. बाकीचे वळेपर्यंत पाणी सपाट. मग ती पोर म्हणाली, ‘आत्ताच आपल्या मागे देवमासा होता.’ म्हटलं, मला सांगू नकोस बाई, मला ह्यांनी दाखवला.”

इतकी खूश ताई मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

भावोजींची हकीकत लहान आहे. ती त्यांनी मला ताई प्रतिकृती बघायला गेली तेव्हा हळू आवाजात सांगितली. त्यांच्या वाटाड्याने काहीतरी सांगितलं, सगळे मागे वळले, ते सगळ्यांत शेवटी वळले. ताईची होडी होती तिथे होडी दिसेना. तिथे काहीतरी काळं, ओलं, लांबलचक वर आलं होतं. उलटलेल्या होडीचा तळ असतो तसं.

“वाटलं, गेली,” ते म्हणाले. “काय सांगत होता तो, मला कुठे कळत होतं? वाटलं, तुझी ताई गेली, आणि मी पुढे बसलोय.” थोडा वेळ ते अंगातल्या त्या नारिंगी जाकिटाची चेन वरखाली करत राहिले. (ते जाकीट ते आता भाजी आणायलाही घालतात.) “तिला सांगू नकोस. ती समजते आहे तेच बरं आहे.”

मी सांगितलं नाही. सांगून सुधारावं असं त्यात मला काही दिसलं नाही.

मात्र पुढच्या होडीतल्या कंपनीच्या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला होता. होडीत उभा ठाकलेला ज्येष्ठ नागरिक, हात आभाळाकडे, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. आमच्या शाखाप्रमुख बाईंनी तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “असा निखळ आनंद मी आयुष्यात पाहिला नाही.” यंदाच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच आहे. खाली ओळ आहे: ‘हा क्षण आपलाही असू शकतो.’ नोंदणी दुपटीने वाढली. लोक येतात, मुखपृष्ठावर बोट ठेवतात आणि म्हणतात, आम्हाला अगदी असाच आनंद हवाय. मी म्हणतो, प्रयत्न करू.

गेल्या महिन्यात भावोजी पुन्हा आले. चक्क ताईच्या बरोबरीने, दारात दोघांचे खांदे अडकले. भावोजी म्हणाले, मला आपल्या भाषेत घे, हिच्या होडीत बसतो. मी नियम वाचून दाखवला. एकदा पहिली भाषा जाहीर केलेल्या प्रवाशाला खाली उतरण्याची तरतूद नाही. वर जाण्याची मात्र सर्वांना मुभा आहे.

ताईने सुस्कारा टाकला. “मग माझीही पहिली लिही. समजेना का काही. ह्यांच्या शेजारी तर बसेन.”

लिहिली. आता पुढच्या होडीत ती दोघं खांद्याला खांदा लावून बसतील आणि दोघांनाही एक अक्षर कळणार नाही. ज्या मुलीला सगळं सांगता येत होतं तिची होडी यंदा निम्मीसुद्धा भरली नाही, तेव्हा प्रतिसादाअभावी तिला उशांच्या विभागात घेतलं आहे. तिथेही ती मनापासून सांगते.

म्हणजे मागच्या होडीत सध्या जागाच जागा आहे. वाचकहो, आपण ही हकीकत इथवर आपल्या भाषेत, नीट समजून वाचलीत. तेव्हा आपण त्या होडीतच बसलेले आहात आणि देवमासा गेलेला आहे. त्याचं विशेष वाटून घेऊ नये. आपली मुलं-नातवंडं पुढच्या होडीत आहेत. आपणच त्यांना हौसेने, बालवाडीपासून, रांगेत उभं राहून तिथे बसवलंत. कधीतरी एखादं घाबरून मागे वळेल आणि आपल्याला हाक मारील. ती हाक आपल्यासाठीच आहे हे आपल्याला कळेल का, एवढी चौकशी मात्र आजच करून ठेवावी.