साहेबांच्या बॅगेचं वजन

"साहेब, तुमचं वजन?" सायकल कारखान्यामागच्या टेकडीवर फ्रेमवाल्याने विचारलं.

साहेबांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "बहात्तर."

बाईसाहेब चष्मा पुसू लागल्या.

फ्रेमवाल्याने दोन वर्षं खपून डोंगरउतारासाठी सायकलची फ्रेम बनवली होती. पुढे धक्के झेलणारा शॉक, मागे शॉक, आणि मागचं चाक धोंड्यावर चढलं तरी बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलू नये असे जुळवलेले सांधे. अट एकच: मागच्या शॉकमध्ये बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे हवा भरायची. आज साहेब स्वतः चालवून बघणार होते. पसंत पडली तर फ्रेम बाजारात. नाही तर फ्रेम भंगारात आणि फ्रेमवाला परत घंट्यांच्या खात्यात, जिथे त्याने आधीच आठ वर्षं टिंगटिंग ऐकण्यात घालवली होती.

त्याने तक्ता पाहून बहात्तर किलोची हवा भरली. साहेब पाठीला बॅग लावून बसले. सायकलही बसली. पहिल्याच दगडाला पेडल थडकलं आणि साहेब समोरच्या झुडपात गेले. बाहेर आले ते चालत.

"ढिली आहे तुझी फ्रेम."

"फ्रेम नाही साहेब, हवा कमी पडली."

"हवा तूच भरलीस ना?"

"भरली. पण बहात्तरची."

"मग?"

या 'मग'ला उत्तर होतं, पण ते दिलं तर नोकरी गेली आणि गिळलं तर फ्रेम गेली. फ्रेमवाल्याची नजर साहेबांच्या पाठीवर गेली.

"चूक माझी, साहेब. बॅगेचं वजन धरायचं राहिलं."

साहेबांचा चेहरा खुलला. "तरीच. सकाळपासून खांदे भरून आलेत माझे."

"काय काय आहे हो बॅगेत?" बाईसाहेबांनी मायेने विचारलं.

"बाटली आहे. टॉवेल आहे." साहेबांनी थोडा विचार केला. "शिवाय रुमाल."

फ्रेमवाला साहेबांना उठवत-बसवत पंप मारत राहिला. सायकल बसायची थांबली तेव्हा तक्त्यावर तेवढ्या हवेसमोर आकडा होता पंच्याण्णव किलो. तो त्याने मोठ्याने वाचला नाही. बाईसाहेबांनी त्याच्या खांद्यावरून वाचला.

या खेपेला टेकडीवर दगड आहेत हे साहेबांना कळलंच नाही.

"फ्रेम पास," परत आल्यावर ते म्हणाले. फ्रेमवाल्याचे डोळे भरून आले, पण साहेबांचं संपलं नव्हतं. "खरी गोची बॅगेची आहे. गिऱ्हाइकाने एवढं ओझं का वाहायचं? हलकी बॅग बनव. तूच बनव. किती भरली ती?"

"तेवीस किलो," बाईसाहेब म्हणाल्या आणि बॅग करंगळीला अडकवून त्यांनी फ्रेमवाल्याच्या हाती दिली. "रुमालापासून सुरुवात करा."

"निदान वीस किलो कमी झाली पाहिजे," साहेब म्हणाले. "सहा महिने देतो."

फ्रेमवाल्याने फ्रेमच्या खात्यात जाऊन बॅग काट्यावर ठेवली. बाटली, टॉवेल, रुमाल धरून दोन किलो. त्याने नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर नीट अक्षरात लिहिलं: 'बॅगेचं अपेक्षित वजन: उणे अठरा किलो.'