साहेबरावांचा कम्प्युटर

साहेबराव पठाडे यांना 'नको' म्हणता येत नाही.

हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रारही करत नाही. मुकुंदवाडीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते, आणि जे रोज बघते तेवढंच सांगते. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं शेजारी शेजारी टांगलेली आहेत, कारण एकाच आठवड्यात दोन विक्रेते दारावर आले होते. गल्लीत गणपतीची दोन मंडळं आहेत, त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि साहेबराव दोन्हींचे सल्लागार आहेत. एकदा न्हाव्यानं सहज विचारलं, "काका, मिशी काढून टाकू का?" साहेबराव लग्नाआधीपासूनची ती झुबकेदार मिशी तिथंच ठेवून घरी आले. स्वतःच्या घराचं दार उघडेपर्यंत मला ते ओळखताच आले नाहीत.

"अहो काका, नाही म्हणायचं ना!"

"त्यानं विचारलं ना ताई," वरच्या ओठावरून बोट फिरवत ते म्हणाले. "इतक्या अदबीनं विचारायला होता. मग कसं म्हणायचं नाय?"

यावर आम्ही सगळे हसायचो. पण हो म्हणताना त्यांचा चेहरा नीट पाहिला, तर हसू थोडं अडायचं. होकार देताना माणूस खुलतो. साहेबराव मात्र आत कुठंतरी दचकल्यासारखे दिसायचे, समोरच्याच्या हातात काठी असावी तसे.

वाळूजच्या एका कारखान्यात रंगकाम विभागात त्यांची नोकरी झाली. नोकरीभर बजाजनगरात राहिले, निवृत्तीनंतर इथं घर बांधलं. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी वैशाली बाहेरगावी असते, एवढंच मला माहीत होतं. तिचा जुना कम्प्युटर बैठकीत खिडकीपाशी होता. संध्याकाळी साहेबराव अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्याच्यासमोर बसायचे. तसे कारखान्यात साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आल्यावर बसत असतील.

आता 'नको' न म्हणता येणारा माणूस आणि सारखं काहीतरी विचारणारं यंत्र, यांचं काय होणार?

व्हिडिओ बघायच्या एका फुकटच्या प्रोग्रॅमचं अपडेट आलं. साहेबरावांनी "व्हय" म्हणून बटण दाबलं. पुढं विचारलं, तेही दाबलं. ते अपडेट एकटं आलं नव्हतं, बरोबर बिऱ्हाड घेऊन आलं होतं. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या वर सवलतींची एक रंगीत पट्टी चिकटली. मग सकाळी घंटा वाजवून भविष्य सांगणारं एक काहीतरी आलं. पाठोपाठ कम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे तीन प्रोग्रॅम आले, आणि ते तिघं एकमेकांनाच व्हायरस ठरवून भांडायला लागले.

मी त्यांना समजावलं, "काका, खाली बारीक अक्षरात चौकोन असतो. त्यात त्यांनी आधीच बरोबरची खूण केलेली असते. ती काढायची आणि मगच पुढं जायचं."

ते अस्वस्थ झाले. "त्यांनी केलेली खूण आपण कशी पुसावी? राग आला मंजी?"

"कुणाला?"

त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला."

ती गंमत होती असं मला वाटलं. पण हळूहळू ते त्या खोलीत खरोखरच दबक्या आवाजात बोलायला लागले. पडद्यावरच्या कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा आपोआप लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, भास असेल. एके दिवशी मी मिठाची पुडी मागायला गेले तेव्हा साहेबराव खुर्चीत ताठ बसले होते, कम्प्युटरला कुणी हात लावलेला नव्हता, आणि तो हिरवा ठिपका डोळा उघडावा तसा लागलेला होता. मी तशीच माघारी आले, मीठ न घेता. त्या दिवसापासून जिना उतरताना मीही त्यांच्या खिडकीकडं बघायचं टाळायला लागले.

मग तो रविवार आला. दुपारी जेवून मी जरा पडले होते, तर खालून भोंगा वाजायला लागला. कारखान्याचा वाजतो तसा, पण न थांबणारा. त्यावर एका बाईचा थंड इंग्रजी आवाज तेच तेच बोलत होता. मी अनवाणी खाली पळाले.

पडदा पूर्ण लाल झाला होता. बंद करू नका, बंद केलंत तर सगळं जाईल, या नंबरवर फोन करा, असं त्यावर लिहिलं होतं. साहेबरावांनी फोन केला होता. मोबाइल स्पीकरवर टेबलावर होता आणि ते हात जोडून बसले होते. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता, तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"सर, हमने आपका कम्प्युटर संभाल लिया है," फोनवरचा माणूस फार गोड बोलत होता. "आप बस देखते रहिए."

"हां साहेब."

भोंगा थांबला, लाल पडदा गेला. आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला.

माउसला कुणाचाही हात नव्हता. बाण सावकाश, सरावल्यासारखा फिरत होता. त्यानं एक कप्पा उघडला, बंद केला, दुसरा उघडला. घरात शिरलेला माणूस आपल्यासमोर आपली कपाटं धुंडाळतोय आणि आपण पाहुणे असल्यासारखे बघत उभे आहोत, तसं मला वाटलं. माझे पाय जमिनीला खिळले.

बाण फोटोंवर आला. एक फोटो उघडून मोठा केला. पदवीचा काळा झगा घातलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली एक मुलगी होती.

"ये बेटी है ना, सर? इनका नंबर दीजिए. इनके फोन में भी खतरा पहुंच गया होगा. हम अभी बात कर लेते हैं."

साहेबरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"सर? बेटी का नंबर."

"नाय," साहेबराव म्हणाले.

"जी?"

"नाय!" ते खुर्चीतून उठलेच. "तिच्याकडं जायचं नाय! माझं काय बी घ्या. तिला फोन करायचा नाय, सांगून ठिवतो!"

त्या आवाजानं माझे पाय सुटले. मी भिंतीकडं धावले आणि सगळ्या वायरी एकदम उपसल्या. पडदा काळा झाला. साहेबरावांनी फोन कापला. पंखासुद्धा त्याच बोर्डावर होता, तोही थांबला. कुणीतरी अजून खोलीतच असल्यासारखे आम्ही दोघं काळ्या पडद्याकडं बघत उभे राहिलो.

"काका," शेवटी मी म्हटलं, "बरं झालं, नंबर दिला नाहीत."

ते खाली बसले. "देणार कुठून, ताई? माझ्याकडं तिचा नंबरच नाय."

मग थोडं थोडं बाहेर आलं. वैशालीनं आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं होतं. घरच्या फाटकात उभं राहून तिनं विचारलं, "बाबा, याल ना लग्नाला?" साहेबराव नाय म्हणाले. ती गेली, पुढं नंबरही बदलला. "त्याच्या मागून तिनं मला कधी काय विचारलंच नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत जाऊन खातं सुरक्षित करून घेतलं. शहागंजातला एक दुरुस्तीवाला घरी आला. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल, असं त्यानं सांगितल्यावर साहेबराव कम्प्युटरच्या आडवे उभे राहिले.

"पुसू नका. पोरीनं जायच्या आधी मेल काढून दिली होती, ह्याच्यातच. तिनं काय धाडलं तर कुठं यील?"

"काका, मेल या डब्यात नसते," मी म्हटलं. "कुठल्याही कम्प्युटरवर उघडता येते. माझ्या फोनवरसुद्धा."

"मंजी हे बंद पडलं असतं, तरी?"

"तरी."

ते कम्प्युटरसमोरून बाजूला झाले. "मग मी इतके दिवस कशापायी ह्याचं ऐकायलो होतो? नाय म्हटलं आन् हे रुसून बंद पडलं तर, म्हणून..." दुरुस्तीवाला स्क्रू काढायला लागला.

संध्याकाळी मी त्यांची मेल माझ्या फोनवर उघडली. वैशालीचा मेलचा पत्ता जुन्या मेलमध्ये होता. तिच्याकडून नवीन काहीच आलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हीच लिहा ना. सांगा, मी टाइप करते."

त्यांनी बराच विचार केला. "लिहा, वैशाली, तुझं बरं चाललंय का."

"एवढंच?"

"एवढंच. जास्तीचं वाचून भ्यायची ती."

मी ते पाठवलं. पुढचे काही दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त मी जिन्यावर दिसले की आधी माझ्या हातातल्या फोनकडं बघायचे, मग माझ्याकडं.

उत्तर आलं तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच परतले होते. खाली जाऊन फोन त्यांच्यासमोर धरला. ते दोन पावलं मागं सरकले.

"तुम्हीच वाचा, ताई. मला भ्या वाटायलंय."

मी वाचलं, "बाबा, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेताय ना?"

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन स्वतः वाचला आणि परत दिला. मग, "चहा टाकतो," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले.

चहा काही आला नाही. आत नुसता नळ वाहत होता. मी थोडा वेळ थांबले आणि दार हलकेच ओढून घेऊन वर आले.