निळ्या दिव्याने स्नायूंस तालीम दिली त्याची हकीकत

श्री तेजोनिधी प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाख मासी वर्तमान ऐसे जाहले की, एके राज्यी, म्हणजे प्रयोगशाळेत, काचेच्या थाळ्यांत रोग्यांच्या स्नायूंच्या पेशी वाढवून त्यांजवर औषधे पारखीत, आणि त्या राज्याच्या मुख्य सगुणाबाई रिसबूड. बाईंनी स्नायू झिजण्याच्या रोगावर एक औषध सिद्ध केले, आणि थाळीत ते गुण देई, म्हणोन बाईंचा लौकिक जाहला, आणि तो वाढविण्यात बाई स्वतःही कमी पडल्या नाहीत. परंतु पेशी तान्ह्या पोरासारख्या कोवळ्या आणि रोग थोरांचा. तेव्हा पेशींस मेहनत करवून पोक्त करावे, मग औषध पारखून रोग्यांस द्यावे, ऐसी मसलत ठरली. पेशींत शेवाळाचा एक गुण घातला होता, त्यायोगे निळा प्रकाश पडता त्या आखडत आणि दिवा विझता सैल पडत. मग दिव्यांचे सरदार युसुफ मुजावर यांस बाई वदल्या, "दिवा अखंड ठेवा. आळशी फौज आहे, उसंत नको." युसुफही "खरंच" म्हणाले, आणि दोघांच्या शहाणपणाने अवघी फौज भाजून निघाली.

पुढे लिफ्ट बंद पडली आणि बाई जिना चढो लागल्या. व्यायाम दुसऱ्यांस सांगण्यापलीकडे कधी केला नव्हता, सबब मध्येच पोटऱ्यांत गोळे येवोन मटकन बसल्या, आणि दम खाऊन मग वर पोचल्या, आणि धापा टाकीत बोलल्या, "युसुफ, मधे बसले म्हणून चढले. पेशींनाही बसू द्या." मग दिवा क्षणभर लागे आणि विझे, आणि नव्या पेशी तालावर आखडू लागल्या, तंतू जाड जाहले, पोक्त स्नायूंवर असतात तैसे पट्टे उमटले. राज्यात पेढे वाटिले. मग बाईंनी औषध घातले आणि काहीच जाहले नाही; कोवळ्या पेशींस लागू पडे ते पोक्तांस पडेना. पुन्हा घातले, पुन्हा नाही. युसुफ हळूच म्हणाले, "आपण यांना फारच चांगलं तयार केलं, बाई." बाईंचे मनी आले, दिव्यासच दोष द्यावा आणि कोवळ्या पेशींचा निकाल पुढे करावा. परंतु औषध प्रथम घेण्यास राजी जाहलेल्या केशरबाई डोंगरे, ज्यांचे हात त्या रोगाने खांद्यांच्या वर उचलत नव्हते, त्या डोळ्यांपुढे आल्या, आणि बाई उठोन त्यांचे घरी गेल्या. म्हणाल्या, "माझं औषध कुचकामी निघालं. तपासलं नसतं तर तुम्हांला दिलं असतं." केशरबाई म्हणाल्या, "बरी झाले की आपला अंबाडा आपण घालायचा, असं ठरवलं होतं." आणि पुढे म्हणाल्या, "दुसरं औषध करा, आणि आधी त्या स्नायूंनाच विचारा. ते तुम्हांला भीत नाहीत. आणि आज आलाच आहात, तर अंबाडा तुम्हीच घाला." बाईंनी घातला. तो वाकडा जाहला. केशरबाईंनी आरशात पाहिले आणि तसाच राहू दिला.

सारांश, या मोहिमेत राज्यास स्नायू प्राप्त जाहले, औषध गेले, आणि मुख्यांची फजिती त्यांचेच हातून, परंतु वेळेवर, जाहली. इतके वर्तमान.