सव्विसावा चौकोन

कोणतीही संस्था स्वतःकडे बारकाईने पाहू लागली, की तिला दुसऱ्या कामाला वेळ उरत नाही. यालाच प्रगती म्हणतात. आमच्या ग्रंथालयाने ती अवघ्या सात आठवड्यांत साधली.

पूर्वी वाचक येई, पुस्तक मागे, काउंटरवरच्या ताई ते देत आणि वाचक जाई. सरासरी वेळ चार मिनिटे (पैकी अडीच मिनिटे ताई त्याच्या आईची तब्येत विचारत). हे सारे वर्षानुवर्षे आकृतीशिवाय सुरळीत चालले आहे, ही बाब नव्याने नेमलेल्या सल्लागारांना गंभीर वाटली. त्यांनी भिंतभर कागद लावून कार्यप्रक्रियेचा नकाशा काढला. एक पुस्तक देण्याघेण्याचे एकतीस चौकोन भरले. शिपाई नानांना ‘मजला-आंतर वहन घटक’ हे पद मिळाले. त्यांनी ते घरी सांगितले, तेव्हा हे औषधाने बरे होते का, असे पत्नीने काळजीने विचारले.

मात्र आदर्श ग्रंथालयात चौकोन तीसच असतात. एक काढणे भाग होते, आणि सल्लागारांचे बोट नवव्यावर थांबले : ‘वाचकाला नेमके काय हवे ते ओळखणे.’ या कामाला अर्ज नाही, नोंदवही नाही, मोजमाप नाही. कोणी म्हणतो, ते निळे पुस्तक, ज्यात शेवटी आत्याच चोर निघते. आणि ताई उठून ते आणून देतात (ते हिरवे असते). त्या चौकोनात ताईंखेरीज कोणीच नव्हते. त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षे होती आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर.

संमतीची सही घेण्यासाठी ताईंना बैठकीत बोलावले. त्यांनी भिंतीवरचा नकाशा सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

“एकच काढायचाय ना साहेब? मग सव्विसावा काढा.”

सव्विसाव्यात लिहिले होते : ‘वाचक पुस्तक वाचतो.’

“अहो ताई, तो कसा काढणार?”

“वीस वर्षं परत आलेली पुस्तकं मी झटकतेय. खूण म्हणून ठेवलेली बसची तिकिटं, पिना, एकदा तर कंगवा निघाला. सगळं बाराव्या पानाच्या आत.”

आम्ही पुराव्याशिवाय काही मानत नाही. परत आलेली दोनशे चाळीस पुस्तके तपासली. दोनशे अकरांत खूण बाराव्या पानाच्या आत होती. तेवीस उघडलेलीच नव्हती. सहा पूर्ण वाचलेली होती (ती ताईंनी नेली होती).

चौकोन काढला. देवघेव, मुदतवाढ, वर्गणी, कशातही तसूभर फरक पडला नाही. ताई नवव्या चौकोनात कायम झाल्या.

नियमानुसार प्रवेशद्वारावर ठळक अक्षरांत सूचना लावली : या ग्रंथालयातील पुस्तके वाचण्याची क्रिया रद्द करण्यात आली आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

एकही हरकत आली नाही. त्या महिन्यात आपण तीनदा आलात. दार ढकलताना आपला हात दर वेळी त्याच कागदावर होता.