तपासल्याबगर कुळ नाही

पहिल्या दिवशी गांवस सरांनी मला नाव विचारलंच नाही. "कुळदेव खंयचो?" म्हणाले. गोव्यात पेडण्याकडे ही रीतच आहे. नव्या माणसाला आधी देव विचारायचा, मग चहा. मी परभणीकडून पोटासाठी आलेला, शाळा सातवीत सुटलेली. देवाचा पत्ता बरोबर आणायचा राहिला होता. घाबरत म्हटलं, "ठाऊक नाही."

सर खूश. "ठाऊक ना म्हणपी पयलोच मनीस मेळ्ळो!" लगेच कामाला ठेवलं.

सर निवृत्त प्राध्यापक. छंद एकच: समुद्रातल्या हिरव्या शेवाळांची कुळं लावणं. केरी ते हरमल खडक खरवडायचे, शेवाळ वाळवायचं, त्यातला नखाएवढा तुकडा डीएनए बघायला प्रयोगशाळेत पाठवायचा. निकाल आला की भिंतीवरच्या वंशावळीला एक फांदी फुटायची. माणसांनाही हाच नियम. शेजारी मुलीसाठी पाहिलेलं स्थळ सांगायला आले, तर म्हणाले, "नाकडोळे पळोवन ठरयलें? तपासल्याबगर कुळ लावचें न्हय, कळ्ळें मरे?" शेजारी येईनासे झाले. सरांचे भाऊ तर त्याआधीच तुटलेले. भर लग्नात सरांनी आपल्याच घराण्याची वंशावळ तपासायला काढली होती.

एकदा सर पणजीला गेले असताना मी घोळ घातला. प्रत्येक ट्रेमध्ये पानांसारखं शेवाळ आणि नळ्यांसारखं शेवाळ एकत्र पसरलेलं. मला बघवेना. मेथी निवडावी तशी मी पानं एका डब्यात भरली, नळ्या दुसऱ्यात. कुठलं कुठल्या खडकावरचं, त्या चिठ्ठ्या गोळा करून सुतळीनं नीट बांधून ठेवल्या.

सरांनी डबे पाहिले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहिला. मी आत जाऊन कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

"ती पिशवी कित्याक?" सर दारात उभे. "उद्यां ओहोटी केन्ना, तें पळय."

सगळं शेवाळ पुन्हा गोळा करायला पाच दिवस हा गुडघेदुखीचा माणूस माझ्या खांद्याला धरून निसरड्या खडकांवर फिरला. तुकडे उशिरा येतील म्हणून प्रयोगशाळेला फोन केला, "कळाव म्हजेमुळें जालो."

चवथीच्या आदल्या दिवशी निकाल आला. पान काय, नळी काय, कुळ एकच. "तुवें वेगळे काडले ते भाव-भाव मरे!" सर हसले, आणि मग बराच वेळ वंशावळीसमोर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या चौकटीत सुपारी, काकड्यांबरोबर शेवाळाची जुडीही लटकत होती. भाऊ यंदाही आले नाहीत. पूजेला आम्ही दोघंच. सरांचं नाव-गोत्र घेऊन भटजी माझ्याकडे वळले. "यांचें गोत्र?"

मी सरांकडे पाहिलं.

"म्हजेंच घाल," सर म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "सर, तपासलं नाही."

सर मूर्तीकडेच बघत होते. "हात जोड," म्हणाले.