पस्तीस पाय आणि एक चेहरा

"रांगोळीला एकाचा जरी पाय लागला, तर श्यामसुंदर कोळथरकर नाव लावणार नाही!"

ही गर्जना वाशीतल्या एका सांस्कृतिक मंडळाच्या बैठकीत झाली, एकोणीसशे त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी. खरं तर त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं. मंडळाचे चिटणीस नंदकुमार एवढंच म्हणाले होते, "शनिवार-रविवार रांगोळी प्रदर्शन. शाळेचा हॉल मिळालाय. बंदोबस्ताला कोणीतरी हवं." बंदोबस्त हा शब्द कानावर पडला की श्यामसुंदरच्या अंगात यायचं. तळोज्याच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता, आणि तिथे त्याच्या सहीशिवाय नटबोल्टसुद्धा जागचा हलत नसे.

त्यातून पाय हा त्याचा दुखरा विषय. महिन्यापूर्वी स्टोअरमध्ये एक लोखंडी पेटी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली होती आणि नख काळंठिक्कर झालं होतं. तेव्हापासून बसमध्ये, बाजारात, जिन्यात, जगातले यच्चयावत पाय आपल्याच अंगठ्यावर टपून बसलेत असं त्याचं पक्कं मत होतं.

शिवाय प्रदर्शनात त्याच्या बायकोची, वैजयंतीची, रांगोळी होती. आणि ती कोणाची? तर रोज दारावर मासळी घेऊन येणाऱ्या शेवंताबाईची! मेहुण्याने मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्याने श्यामसुंदरनेच तिचा दारात फोटो काढला होता. डोक्यावर टोपली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि 'कोळंबी ताजी आहे का?' असं कोणी विचारलं की तिच्या ओठांवर येणारं ते खास हसू! वैजयंतीने तो फोटो समोर ठेवून हॉलच्या फरशीवर सहा फुटी चेहरा उभा केला. ओणवं बसून, चिमटीचिमटीने, बावीस तास! त्यातले चार तर नुसत्या हसण्याला लागले. शेवंताबाईला मात्र यातलं कोणी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं.

"एवढी मेहनत आणि रविवारी संध्याकाळी पुसून टाकायची," वैजयंती म्हणाली. "अहो, निदान एक फोटो तरी चांगला काढा हं."

"एक? अख्खा रोल घालतो, छत्तीसचा!"

शनिवारी सकाळी दोरी बांधली. रांगोळी उडू नये म्हणून पंख्यांच्या बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. दहा वाजेपर्यंत हॉलमध्ये माणसं शिजायला लागली आणि श्यामसुंदरचं डोकंही.

"पाय! ओ, पाय!"

"अहो, मी दोरीबाहेर उभा आहे," एक सद्गृहस्थ म्हणाले.

"तुम्ही बाहेर आहात. अंगठा आत आहे!"

"अंगठ्याचं काय घेऊन बसलात? कला बघू द्या की!"

"कला डोळ्यांनी बघतात, अंगठ्याने नाही!" श्यामसुंदर कडाडला. सद्गृहस्थही तापले. म्हणाले, "पुरावा काय?" झालं! श्यामसुंदरने गळ्यातला कॅमेरा उचलला, खाली वाकला आणि खटॅक! त्या अंगठ्याचा फोटो काढला.

"हा पुरावा! मंडळापुढे ठेवणार!"

युक्ती त्याला भलतीच आवडली. मग तो सुटलाच. पैंजणवाले पाय, भेगाळलेले पाय, मेंदीचे पाय, एका आजोबांचा गाठी आलेला पाय! एक बाई तर भांडली, "माझ्या पायाचा फोटो कशाला? मिस्टरांना बोलवू का?" मिस्टर आले. त्यांचाही पाय काढला.

वैजयंती दर तासाला येऊन विचारी, "अहो, रांगोळीचा फोटो?"

"आधी गुन्हेगार!"

रविवारी पाच वाजता कॅमेऱ्यावरचा आकडा पस्तीस झाला. रोलमध्ये एकच फोटो उरला. आणि नेमक्या त्याच वेळी हॉलच्या दारातून रिकामी टोपली काखेत घेऊन शेवंताबाई आत घुसली. बाजारात कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

"कुठं हाय माजं तोंड?"

गर्दी आपोआप बाजूला झाली. शेवंताबाई दोरीपाशी आली, फरशीवरच्या स्वतःकडे बघत राहिली. वैजयंतीला वाटलं, बाई आता खूश होणार.

"वैजूताय, मना जमिनीवं निजवलंस? लोकांच्या पायाशी?"

"अहो शेवंताबाई, ही कला आहे," श्यामसुंदर मध्ये पडला. "एकाचाही पाय लागू दिलेला नाही मी! विचारा कोणालाही!"

"भाऊ, तुमी गप ऱ्हावा! फोटू तुमीच काडलाव ना? मना वाटला, भिताडावं लावशीला!"

तेवढ्यात दुसऱ्या दारातून शाळेचा शिपाई सिताराम आला. सहाला हॉल झाडून किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी पोचवायची होती. त्याच्या हातात लांब दांड्याचा झाडू होता.

शेवंताबाईने झाडूकडे पाहिलं. मग रांगोळीकडे. मग परत झाडूकडे.

"माज्या तोंडावं झाडू मारनार?"

सिताराम बिचारा दोन पावलं मागे सरला. बाई दोरीखालून आत शिरली आणि स्वतःच्या कपाळापाशी मांडी घालून बसली. "मार! आदी मना मार, मंग तिला मार!"

पुढची वीस मिनिटं जो काही आरडाओरडा झाला, तो पार बसस्टॉपपर्यंत ऐकू गेला. नंदकुमार घड्याळ दाखवत होते, सिताराम किल्ली दाखवत होता आणि श्यामसुंदर दोघांवरही ओरडत होता. शेवटी वैजयंती शेवंताबाईच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"चुकलंच माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुमचं हसू मला फार आवडतं हो, म्हणून काढलं."

शेवंताबाई जरा निवली. तिने पहिल्यांदाच रांगोळीतल्या ओठांकडे नीट पाहिलं. "दात पन माजेच काडलंस गो," ती हळूच म्हणाली. मग तिने अटी घातल्या. झाडू लागणार नाही. रांगोळी दोघींनी हाताने भरायची आणि खाडीत सोडायची. त्याआधी हिचा फोटो काढायचा आणि कोळथरकरांच्या भिंतीवर लावायचा. "आनि माज्या तोंडावं कोनाचा पाय दिसला, तर बगा!"

"पाय?" श्यामसुंदर छाती काढून म्हणाला. "मी असताना?"

पण बाजूने फोटो काढला तर कपाळ सुपारीएवढं आणि हनुवटी भोपळ्याएवढी आली असती. फोटो बरोब्बर वरूनच हवा होता. सितारामने घडीचा लाकडी घोडा, म्हणजे दुहेरी शिडी, आणून रांगोळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभा केला. चपला बाहेर होत्याच. श्यामसुंदर अनवाणी वर चढला आणि शेंड्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसला. छताखाली भट्टी पेटली होती. घाम चष्म्यावर टपकायला लागला, तसा त्याने चष्मा काढून खिशात टाकला. आता खाली सगळा लाल-पिवळा कालाच होता!

"थोडं डावीकडे, श्यामराव!"

"कोण शिकवतंय मला?"

"अहो, नीट वाका ना!" वैजयंती खालून म्हणाली.

"वाकतोच आहे! घोडा हलवू नका! सिताराम, हसतोस काय? आणि मागे कोण आहे ते? पाय! पाय मागे घ्या सगळ्यांनी!"

सगळ्यांनी पाय मागे घेतले. खटॅक!

त्यानंतर दोघी बायकांनी ओंजळीओंजळीने तो चेहरा टोपलीत भरला आणि तिन्हीसांजेला खाडीत सोडला. बावीस तास पाण्यावर थोडा वेळ रंगीत तरंगले आणि गेले. वैजयंती म्हणाली, "जाऊ दे. फोटो आहे ना."

आठ दिवसांनी दादरहून फोटो धुऊन आले. वैजयंतीने पाकीट उघडलं. पहिला फोटो पायाचा, दुसरा पायाचा, तिसरा पायाचा. पस्तीस पाय! तिचा चेहरा तापत चालला. मग छत्तिसावा. कुंकू सुरेख आलं होतं. डोळे जिवंत होते. आणि त्या चार तासांच्या हसऱ्या ओठांवर, कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे भल्या मोठ्या दिसणाऱ्या एका उजव्या पायाचा अंगठा बरोब्बर मध्यभागी टेकला होता. नख काळंठिक्कर!

"वरून... चष्मा नव्हता ना..." श्यामसुंदर पुटपुटला.

"बावीस तास!" वैजयंती एवढंच म्हणाली. त्याने फोटो फाडून टाकण्याची सूचना करून पाहिली. तिने तो मोठा करून घेतला, काचेची फ्रेम केली, आणि शब्द दिला होता म्हणून बाहेरच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर टांगला.

शेवंताबाई बघायला आली तेव्हा श्यामसुंदर स्टूलवर बसला होता. तिने बराच वेळ फोटो निरखला.

"ह्यो पाय कोनाचा?"

"बाकीचे पस्तीस यांनी शोधून काढले," वैजयंती शांतपणे म्हणाली. "हा तेवढा सापडत नाहीये."

"गर्दी फार होती हो," श्यामसुंदर म्हणाला. त्याने उजवा पाय हळूच स्टूलखाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो घरात मोजे घालून बसू लागला. मोजे लोकरीचे होते, कारण सुती मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. दिवाळी गेली, होळी गेली, मे महिना आला, वाशीच्या भिंती तव्यासारख्या तापल्या, तरी मोजे उतरले नाहीत. आणि रोज सकाळी शेवंताबाई दारात टोपली उतरवायची, एकदा भिंतीकडे बघायची, एकदा खाली बघायची आणि रांगोळीतलं तेच हसू हसून म्हणायची,

"भाऊ, केवडा उकारतंय! मोजं तरी काडा!"