झांबियाला आठ, मलावीला चार

जाधवकाकांना एखादी गोष्ट आवडली की ते म्हणतात, "झांबिया." नाही आवडली की, "मलावी." न्यू लिनची ट्रेन वेळेवर आली, झांबिया. डॉक्टरने पुरतं ऐकून न घेता गोळ्या लिहून दिल्या, मलावी. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आमटीचा भुरका घेऊन थांबले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वैशाली, मीठ जरा मलावीकडे झुकलंय."

काका आमचे शेजारी. मूळचे सांगलीचे, साखर कारखान्यातले केमिस्ट. अकरा वर्षं झांबियातल्या कारखान्यात काढली, मग चार वर्षं मलावीतल्या. आता कुसुमकाकूंना घेऊन इथे परदेशात मुलाकडे असतात. आमची गाठ कुंपणाशी पडते. मी कपडे वाळत घालते आणि ते पलीकडून दोन देशांची तुलना करतात. वीज, रस्ते, दवाखाने, केळी, न्हावी, काही सुटत नाही. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

"झांबियाचा डास चावतो आणि निघून जातो. मलावीचा मुक्कामाला येतो."

"काका, दोन्ही देशांची सीमा एकच आहे. डासाला ती कळते का?"

"डासाला नाही कळत. चावलेल्याला कळते."

एकदा मी म्हटलं, दोन्हीकडे मक्याच्या पिठाचा तोच उकडलेला गोळा खातात, त्यात कसले मार्क? "गोळा तोच गं," काका म्हणाले, "पण झांबियाचा घशाखाली उतरतो."

मी हे सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडत असे. पण या वर्षी मला त्या मार्कांची गरज पडली. माझी मुलगी मुक्ता पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. एका संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलं. लुसाका किंवा ब्लँटायर, म्हणजे झांबिया किंवा मलावी, तिने निवडायचं आणि सोमवारपर्यंत कळवायचं. तिचा ओढा ब्लँटायरकडे, कारण तिथे खेड्यांतल्या विहिरींचं काम होतं. मी ईस्ट टामाकीच्या गोदामात डिस्पॅच बघते. माल पाठवणं हा माझा रोजचा धंदा, पण मुलगी पाठवायची सवय नव्हती. तिने कुठेच जाऊ नये असं माझं मत होतं. ते कोणी विचारलं नव्हतं. निदान बऱ्या देशात तरी जावी, म्हणून शनिवारी दुपारी तिला काकांकडे नेली. साक्षीदार आधीपासूनच माझ्या बाजूचा होता.

काका परीक्षकासारखे ताठ बसले. काकू बाजूला लसूण सोलत होत्या. मुक्ताने लॅपटॉप उघडला.

"ओके काका. पॉवर?"

"झांबिया आठ, मलावी चार."

"रोड्स?"

"सात, चार."

मी समाधानाने चहा पीत होते.

"पीपल?"

"झांबिया नऊ," काका म्हणाले आणि थांबले.

"अँड मलावी?"

काकांनी कप उचलला. रिकामा होता, तरी प्यायले.

"सांगा की," काकू म्हणाल्या. "माणसं वाईट होती काय तिथली?"

"वाईट कशाला असतील?"

"मग द्या मार्क." काकूंनी सुरी खाली ठेवली. "मुक्ता, यांचं काही ऐकू नकोस. झांबियात आम्ही सगळी होतो. मलावीत मी नव्हते. पोरांच्या शाळेसाठी मी सांगलीला राहिले. चार वर्षं हे एकटे."

इतकी वर्षं कुंपणाशी उभी राहिले, पण हे मला कधी कळलं नव्हतं.

"सो यू वर जस्ट लोनली, काका?"

"लोनली कसला! शेजारी मिसेस फिरी होत्या. कारखान्याच्या शाळेत शिकवायच्या. रोज संध्याकाळी दारातून हाक मारायच्या, मिस्टर जाधव, जेवायला या."

"मग?" मी विचारलं.

"एकदाही गेलो नाही."

"अहो, का?"

काकांनी रिकामा कप खाली ठेवला. "गेलो असतो तर करमलं असतं." मग काकूंकडे न बघताच म्हणाले, "ही तिकडे एकटी दोन पोरं ओढत होती. मी इकडे चार माणसांत हसत जेवायचं, ते बरं दिसलं असतं?"

काकूंनी सोललेला लसूण बाजूला सारला. मग माझ्याकडे वळल्या.

"चार वर्षं मी रोज देवापुढे काय म्हणत होते ठाऊक आहे? यांना तिथे कोणीतरी घासभर जेवायला बोलवू दे. देवाने ऐकलं गं. यांनीच नाही ऐकलं."

काका आधी हसले, मग चष्मा पुसू लागले. मुक्ताने लॅपटॉप मिटला.

"तू कुठेही जा," काका तिला म्हणाले. "पण हाक मारली की जायचं. पहिल्याच दिवशी. आईची आठवण येत असली तरी जायचं. येत असली तर नक्कीच जायचं."

माझा साक्षीदार फुटला होता. रविवारी मुक्ताने ब्लँटायर कळवून टाकलं.

ती निघाली त्या सकाळी काका डबा घेऊन आले. काकूंनी केलेल्या शंकरपाळ्या, आणि वर एक कागद. त्यावर कारखान्याचं फाटक, शाळा, आंब्याचं झाड आणि एक चौकोनी घर, सगळं पट्टीने आखलेलं.

"ब्लँटायरपासून दीड-दोन तास. मिसेस फिरी आता तिथे असतील की नाही, ठाऊक नाही. असल्या तर हा डबा त्यांना दे. म्हणावं, जाधवांना यायला उशीर झाला."

"अँड इफ शी'ज नॉट देअर?"

"मग त्या घरात जे असतील त्यांना दे. आणि बस त्यांच्यात थोडा वेळ."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. बॅग तेवीस किलोवर काठोकाठ भरली होती, आदल्या दिवशी मीच दोनदा वजन केलं होतं. "आई, देअर्स नो रूम."

मी बॅग पुन्हा उघडली. तिच्या जँडल्सचे, म्हणजे रबरी चपलांचे, दोन जोड काढले. मीच कोंबलेला जाड स्वेटर काढला. औषधांच्या माझ्या तीन पिशव्यांपैकी दोन काढल्या आणि डबा मधोमध बसवला.